दारातून की खिडकीतून

(रत्नागिरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सन 2000 मध्ये आयडॉस या ब्रिटिश प्रकाशन कंपनीने सहा महिन्यांच्या अंतराने दोन संगणकी खेळ बाजारात आणले. जूनमध्ये 'डेयस एक्स' आणि डिसेंबरात 'प्रोजेक्ट आयजीआय'. पहिला अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात बनला, दुसरा नॉर्वेत. पहिल्याला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. आजही थोर खेळांची यादी निघाली की त्याचं नाव वरच्या ओळीत असतं. दुसऱ्याला बरे-वाईट असे संमिश्र शेरे मिळाले. आता या सभागृहातल्या पस्तिशी-चाळिशीच्या मंडळींना मी विचारतो, डेव्हिड जोन्स कोण हे किती जणांना आठवतं? बघा, किती हात वर झाले. आयजीआयचा नायक आपल्याकडे घरातल्यासारखा माहीत आहे. आणि डेयस एक्सचा नायक जेसी डेंटन? दोन हात. तेही मागच्या रांगेतल्या मुलांचे.

प्रकाशक तोच, वर्ष तेच, बंदूक आणि चोरपावलं दोघांतही. मग असं का झालं?

हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा असता तर मी त्यावर आपला तासभर घेतला नसता. डेयस एक्सच्या जातीच्या ज्या खेळांबद्दल मला बोलायचं आहे ते गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या सर्वांत विचारी कलाकृतींपैकी आहेत असं माझं ठाम मत आहे. त्यांतले बरेच आले तेव्हा लोकांच्या नजरेतून निसटले. काही बनवणाऱ्या संस्थाच बंद पडल्या. स्मृतीच्या व्याख्यानात विसरल्या गेलेल्या चांगल्या कामाबद्दल बोलावं, हे मला उचित वाटतं.

या प्रकाराला 'इमर्सिव्ह सिम' म्हणतात. बहुतेक खेळांत रचनाकार एक कुलूप बनवतो आणि त्याची एक किल्ली बनवतो. ती शोधणं हे खेळणाऱ्याचं काम. इमर्सिव्ह सिमचा रचनाकार दार बनवतो, लाकडाचं. लाकूड जळतं, फुटतं, त्यात बाण रुततो, आणि दारावर काही आपटलं तर पलीकडच्या माणसाला ऐकू जातं. हे नियम त्या एका दारापुरते नसतात, त्या जगातल्या साऱ्या लाकडाला लागू असतात. मग दार जाळायचं, फोडायचं, की आवाज करून आतल्या माणसालाच ते उघडायला लावायचं, हे तुम्ही ठरवता. कित्येकदा रचनाकाराच्या स्वप्नातही नव्हता असा चौथा मार्ग तुम्हाला सुचतो, आणि तो चालतो, कारण जग आपल्या नियमांना धरून असतं.

कोकणातल्या माणसाला हे समजायला दशावतार पुरे आहे. आख्यान ठरलेलं, पात्रं ठरलेली, पण संवाद लिहून दिलेले नसतात. समोरचा नट काय बोलला त्यावर आपलं वाक्य उभं करायचं. इमर्सिव्ह सिममध्ये समोरचा नट म्हणजे ते जगच असतं. तुम्ही काही करता, ते उत्तर देतं, आणि त्या उत्तरावर तुमची पुढची चाल ठरते.

या घराण्याची सुरुवात मार्च 1992 मधली. ब्लू स्काय प्रॉडक्शन्स नावाच्या छोट्या संस्थेने 'अल्टिमा अंडरवर्ल्ड' हा खेळ केला. पुढे हीच मंडळी लुकिंग ग्लास या नावाने ओळखली गेली. जमिनीखालची भुयारं, चढउताराच्या वाटा, वर-खाली पाहण्याची सोय, पोहता येईल असं पाणी, बोलता येतील अशी माणसं. त्या काळी हे कुणी पाहिलेलं नव्हतं. दोनच महिन्यांनी, मे 1992 मध्ये, इड सॉफ्टवेअरचा 'वुल्फेन्स्टाइन 3डी' आला. सपाट जमीन, काटकोनातल्या भिंती, समोर दिसेल त्याला गोळी. तंत्राच्या दृष्टीने तो अंडरवर्ल्डच्या मागे होता. पण साध्या संगणकावर सुसाट धावत होता, आणि त्याचा पहिला भाग फुकट होता. फ्लॉपीवर घ्यायचा, मित्राला द्यायचा. पुढच्या दहा वर्षांचा रस्ता त्याने आखला. अंडरवर्ल्डही खपला, पण हळूहळू.

पुढे वारंवार हेच घडताना दिसतं. जो खेळ हातोहात जातो तो जिंकतो. ज्याला चांगलं यंत्र आणि निवांत वेळ लागतो तो मागे राहतो.

1994 मध्ये त्याच मंडळींनी 'सिस्टम शॉक' केला. अवकाशस्थानकावर एक संगणकी बुद्धी बंड करून उठली आहे, माणसं मेली आहेत, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या निरोपांवरून घडलेलं सगळं तुम्हाला जुळवायचं आहे. खेळाचा प्राण त्या आवाजांत होता. प्रकाशकाला मात्र घाई होती. आधी फ्लॉपीची आवृत्ती निघाली आणि तिच्यात आवाजच नव्हते, फक्त मजकूर. आवाजांसकट सीडी काही महिन्यांनी आली. तोवर बोलणाऱ्यांचं बोलून झालं होतं. त्यात आदल्या डिसेंबरात सुसाट वेगाचा 'डूम' आलेला. लोकांच्या हाताला त्या वेगाची सवय लागली होती.

मग 1998 चा 'थीफ'. याच्यापाशी मी जरा थांबणार आहे, कारण मला याच्याइतकं कान असलेलं जग दुसऱ्या कुठल्या खेळात भेटलेलं नाही. नायक चोर आहे. तो लढाईत दुबळा आहे. दोन पहारेकरी अंगावर आले की संपलं. त्याचं बळ अंधार आणि शांतता. पडद्याच्या तळाशी एक खडा असतो, उजेडात उभं राहिलं की उजळतो, सावलीत गेलं की विझतो. पायाखाली काय आहे यावर पावलाचा आवाज ठरतो. गालिचा आणि गवत मुकं, फरशी बोलकी, लोखंडी जाळी तर ओरडते. तो आवाज खोल्याखोल्यांतून, उघड्या दारांतून पहारेकऱ्यापर्यंत जातो. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची, शेवाळाचा बाण मारून फरशी मऊ करायची, लाकडी तुळईत दोराचा बाण रुतवून वर चढायचं. दगडात तो रुतत नाही, म्हणून इमारतीत शिरल्याबरोबर तुम्ही छताकडे बघायला लागता: लाकूड कुठे आहे? खेळाने तुमची नजर बदललेली असते.

आणि एक गोष्ट मला फार मोठी वाटते. इतर खेळांत काठिण्य वाढवलं की शत्रू वाढतात. थीफमध्ये सर्वांत कठीण पातळी निवडली तर अट पडते, एकाही माणसाला मारायचं नाही. कौशल्य वाढेल तसा संयम वाढला पाहिजे, हे उपदेश न करता खेळाच्या नियमातून सांगणारी ही माणसं होती.

त्यांची संस्था, लुकिंग ग्लास, मे 2000 मध्ये बंद पडली. 'थीफ 2' त्याच वर्षी मार्चमध्ये निघाला होता. तो चांगला होता, पण संस्थेला वाचवू शकला नाही. आणि तिथेच काम केलेल्या वॉरन स्पेक्टर यांच्या नेतृत्वाखाली बनलेला डेयस एक्स बरोबर महिन्याभराने, जूनमध्ये, बाहेर पडला. माहेर उजाड झालं आणि लेकीचं नाव झालं.

डेयस एक्समधला एक प्रसंग सांगतो, कारण आजच्या भाषणाचं शीर्षक तिथून आलं आहे. जेसी डेंटनचा भाऊ पॉल एका जुन्या हॉटेलात अडकला आहे. सैनिक चाल करून येतात. पॉल सांगतो, तू खिडकीतून निसट. कथेच्या ओघात तेच शहाणपणाचं वाटतं, आणि असंख्य खेळणाऱ्यांनी तेच केलं. पॉल मेला, कथा पुढे गेली. पण तुम्ही भावाचं ऐकलं नाही, त्याच्याबरोबर लढलात आणि दारातून बाहेर पडलात, तर पॉल जगतो आणि पुढे कथेत दिसत राहतो. हा निवडीचा क्षण आहे असं खेळ कुठेही सांगत नाही. पडद्यावर दोन बटणं येत नाहीत. खोलीला दार आहे आणि खिडकी आहे, एवढंच. अनेकांना वर्षानुवर्षं कळलंच नाही की पॉलला वाचवता येतं.

दुर्लक्षाचं मूळ मला याच प्रसंगात सापडतं. या खेळांचं मोठेपण न घडलेल्या गोष्टींत असतं: ज्या दाराने तुम्ही गेला नाहीत त्यात, जो बाण मारला नाहीत त्यात. एकदा खेळून संपवणाऱ्याला एक रस्ता दिसतो आणि तो रस्ता बेताचाच वाटतो. दोन मिनिटांच्या जाहिरातीत तर काहीच दिसत नाही; एक माणूस अंधारात वाकून चाललाय, बस. समीक्षकाला चार दिवसांत खेळ संपवून लिहायचं असतं, तोही सरळ दाराने जातो. बाजार जे दाखवून विकतो ते या खेळांकडे कमी असतं, आणि यांच्याकडे जे भरपूर असतं ते दाखवता येत नाही.

काही वेळा कारण याहून क्षुल्लक असतं, आणि त्याचं जास्त वाईट वाटतं. 'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स' हा खेळ 16 नोव्हेंबर 2004 ला निघाला. त्याच दिवशी 'हाफ-लाइफ 2' निघाला. दोघांचं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारी मूळ यंत्रणा, एकच होतं, आणि हाफ-लाइफ 2 च्या आधी तो काढायचा नाही असा करार होता. वर्षाच्या सर्वांत मोठ्या खेळाबरोबर एकाच दिवशी उभं राहिल्यावर आणखी काय होणार? ब्लडलाइन्स बनवणारी ट्रॉइका ही संस्था पुढच्या वर्षी बंद झाली. खेळातल्या चुका चाहते मात्र आजवर दुरुस्त करत आले आहेत.

फ्रान्समधल्या लियॉन शहरातल्या अर्केन या संस्थेची गोष्ट मला जवळची वाटते. या मंडळींना अल्टिमा अंडरवर्ल्डचा तिसरा भाग करायचा होता. मालक कंपनीने हक्क दिले नाहीत. मग त्यांनी स्वतःचं जग रचलं आणि 2002 मध्ये 'आर्क्स फटालिस' काढला. सूर्य विझला आहे. माणसं, ट्रोल, गॉब्लिन असे सगळे जमिनीखाली थराथरांनी राहतात. मंत्र म्हणजे हवेत माउसने काढायची अक्षरं; हात चुकला की मंत्र चुकला. पिठात पाणी घालून गोळा विस्तवाशी ठेवला तर पाव भाजला जातो. कुणी सांगितलेलं नसतं, पण पीठ आहे, पाणी आहे, विस्तव आहे, म्हणजे पाव व्हायलाच हवा. पहिल्यांदा तो भाजलेला पाव हातात आला तेव्हा मला झालेला आनंद एखाद्या सेनापतीला हरवण्याच्या आनंदापेक्षा मोठा होता. खेळात खडबडीतपणा होता, जाहिरात जेमतेम होती, आणि त्याच वर्षी मोकळ्या आभाळाखालचा अफाट 'मॉरोविंड' आला होता. भुयारात कोण उतरणार? 2011 मध्ये त्याचा मूळ कोड खुला केला गेला आणि स्वयंसेवकांनी तो आजच्या यंत्रांवर चालता ठेवला. त्यामुळे आज तो साध्या लॅपटॉपवर सहज चालतो, आणि ज्याला या प्रकाराची ओळख करून घ्यायची आहे त्याला मी आधी तोच खेळायला सांगतो.

पंधरा वर्षांनी त्याच अर्केनच्या ऑस्टिन शाखेने 'प्रे' केला, मे 2017 मध्ये. माझ्या मते आजवर कुठल्याही खेळात उभी राहिलेली सर्वांत पूर्ण अशी ही एक इमारत आहे. टॅलोस-1 हे अवकाशस्थानक. तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला नाव आहे, नोकरी आहे, झोपायची जागा आहे, आणि सुरक्षा कक्षातल्या संगणकावर नाव शोधलं की तो किंवा त्याचा मृतदेह नेमका कुठे आहे ते सापडतं. काच फुटलेल्या खिडकीपलीकडे बंद खोली आहे. चिकट फेस फेकणाऱ्या बंदुकीने भिंतीवर पायऱ्या करून छतातून उतरा. परग्रहावरच्या जीवाची विद्या घेऊन स्वतः चहाचा कप व्हा आणि फटीतून गडगडत आत जा. किंवा फोमचे बाण मारणारं खेळण्यातलं धनुष्य घ्या आणि फटीतून नेम धरून आतल्या संगणकाच्या पडद्यावरचं 'दार उघडा' हे बटण दाबा. खेळण्यातल्या धनुष्याने कुणाला इजा होत नाही, पण पडद्याला स्पर्श तो स्पर्शच. हा नियम पाळणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे.

आणि हा खेळ हरवला तो नावामुळे. 2006 मध्ये प्रे नावाचा वेगळाच खेळ होऊन गेला होता, त्याचा पुढचा भाग रद्द झाला होता, आणि ते नाव प्रकाशकाकडे पडून होतं. ते या खेळाला चिकटवलं गेलं. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख राफाएल कोलांतोनियो यांनी आपला त्याला विरोध होता हे पुढे उघडपणे सांगितलं. जुन्या प्रेचे चाहते फसवले गेल्यासारखे रागावले, आणि ज्यांना हा खेळ आवडला असता त्यांना वाटलं हा दुसऱ्याच कशाचा तरी भाग आहे. समीक्षकांच्या प्रती उशिरा गेल्या. एका मोठ्या संकेतस्थळाच्या समीक्षकाचा साठवलेला खेळ बिघडला, त्याने दहापैकी चार गुण दिले. दुरुस्ती आल्यावर ते आठ केले. पण पहिला आकडाच लोकांच्या लक्षात राहतो. अर्केनची ऑस्टिन शाखा 2024 च्या मेमध्ये बंद करण्यात आली.

त्याच 2017 च्या मार्चमध्ये जपानच्या निन्टेन्डोने 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' काढला होता. गवत पेटतं, आगीने वारा वर उसळतो, त्या वाऱ्यावर तरंगता येतं. लोखंडावर वीज पडते. जगाने आश्चर्याने तोंडात बोट घातलं. अंडरवर्ल्ड, थीफ, आर्क्सची हीच तर शिकवण होती! मला झेल्डाचा हेवा वाटत नाही, तो सुंदर खेळ आहे. पण विचार जिंकला आणि तो विचार जपणाऱ्या कार्यशाळांना मात्र एकामागून एक टाळं लागलं, हे बोचतं.

गाजलेल्या भावंडांबद्दलही माझं मत सांगून टाकतो. 'बायोशॉक' (2007) ने या घराण्याचं देखणेपण घेतलं आणि यंत्रणा बरीचशी वगळली; तो लाखोंनी खपला. 'डिसऑनर्ड' (2012) मला प्रिय आहे, पण त्यात एक दुखरी जागा आहे: हातात दिलेली बहुतेक हत्यारं मारण्याची, आणि मारलंत तर शहर अधिक काळवंडेल, उंदीर वाढतील, शेवट वाईट होईल. म्हणजे ताट वाढायचं आणि जेवणाऱ्याला दोष द्यायचा. थीफने ही चूक केली नव्हती. त्याने हातात पाणी दिलं, शेवाळ दिलं, दोर दिला.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजीतून या खेळांच्या अपयशावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्यात आपलं कारण कुठेच नाही, कारण ते लिहिणाऱ्यांच्या घरी स्वतःचा संगणक होता. रत्नागिरीत 2000 ते 2008 या काळात बहुतेक मुलं खेळली ती मारुती मंदिर, माळनाका अशा भागांतल्या सायबर कॅफेत, तासाच्या पैशांवर. तिथे साठवलेला खेळ त्या यंत्रावर राहतो. उद्या त्या यंत्रावर दुसरा बसलेला असतो, परवा कुणीतरी ती फाइल पुसलेली असते. ज्या खेळाला तीस तास लागतात आणि जो तुमच्या प्रत्येक कृतीची आठवण ठेवतो, तो तासाच्या हिशेबात मावत नाही. आयजीआयमध्ये मोहिमेच्या मध्ये खेळ साठवायची सोयच नव्हती. समीक्षकांनी तो दोष मानला. आपल्या मुलांसाठी तोच गुण ठरला: दर वेळी पहिल्यापासून सुरू, तासाभरात एक मोहीम, उठून घरी. 'व्हाइस सिटी' या खेळाचंही तेच. कथा पुढे गेली नाही तरी तासभर गाडी पळवता येते. त्यात भारनियमन. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात तुम्ही कुठला खेळ धरणार?

दुसरं कारण भाषेचं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इमर्सिव्ह सिम आपली गोष्ट कागदांतून सांगतात: टेबलावरचं पत्र, कुणाची दैनंदिनी, संगणकातला पत्रव्यवहार. डेयस एक्समध्ये तिजोरीचा आकडा कुणाच्या तरी तक्रारीच्या पत्रात दडलेला असतो. मराठी शाळेतून सातवी-आठवीपर्यंत आलेल्या मुलाला ते इंग्रजी वाचून, त्यातला टोमणा ओळखून, आकडा काढणं शक्य नव्हतं. त्याला चार रस्त्यांपैकी एकच दिसायचा, गोळीचा. आयजीआयला इंग्रजी लागत नव्हतं. कुंपण दिसतं, कॅमेरा दिसतो, मनोरा दिसतो.

आणि तरीही आपली मुलं आयजीआय कशी खेळायची ते आठवा. मनोऱ्यावर चढून आधी तळ न्याहाळायचा. गजर वाजण्याआधी बटणापाशी जाणाऱ्याला गाठायचं. संगणकावरून कॅमेरे बंद करायचे. तारेला लोंबकळून कुंपण ओलांडायचं. 'इकडून नको, तिकडून जा' असं शेजारचा सांगायचा, आणि प्रत्येकाची वाट वेगळी असायची. आयजीआय हा इमर्सिव्ह सिम नव्हे, पण ती भूक मात्र तीच होती. ती आपल्याकडे नव्हती असं कुणी म्हणू नये. ताटात पडलं ते एवढंच.

असे खेळ आपण बनवू शकतो का? बनवणारे हात महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या छोट्या चमूने 2020 मध्ये 'राजी' काढला. त्याआधी 2017 मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी ते मागे हटले नाहीत. युबिसॉफ्ट या मोठ्या कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या शाखांनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या पुनर्निर्मितीवर काम केलं. 2022 मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. राजी सरळ रेषेतला खेळ आहे, इमर्सिव्ह सिम नाही. पण मोठ्या कंपनीवाचून, आपल्या देवळांच्या आणि मूर्तींच्या आकारातून, जगभर पोचणारं काही करता येतं हे त्याने दाखवलं.

वॉरन स्पेक्टर यांनी अनेक वर्षं एक इच्छा बोलून दाखवली आहे: अख्खं जग उथळ करण्यापेक्षा शहरातला एकच चौक खोलवर करावा. प्रत्येक घरात जाता यावं, प्रत्येक माणसाचा दिवस असावा. मला वाटतं चौकाचीही गरज नाही. थिबा राजवाडा पुरे.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा 1885 मध्ये पदच्युत झाला, 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणलं गेलं, 1910 मध्ये हा राजवाडा त्याला राहायला मिळाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. आता कल्पना करा, सन 1912, मृग नक्षत्र लागून दोन दिवस झाले आहेत. मंडालेहून आलेलं एक पत्र ब्रिटिश पहाऱ्याला कळू न देता राजाच्या खोलीत पोचवायचं आहे. कुणालाही इजा करायची नाही. एवढंच आख्यान.

आता नियम बघा, सगळे इथलेच. कौलांवर पावसाची सर आली की पावलं ऐकू येत नाहीत. सर ओसरली की पहिल्या मजल्यावरच्या संगमरवरी दालनात टाच वाजते. पण बाहेरून आलात तर त्या संगमरवरावर ओली पावलं उमटतात, आणि ती सुकेपर्यंत पहारेकरी त्यांचा माग काढू शकतो. पाय पुसायला कापड हवं. सारवलेली जमीन मुकी, लाकडी जिना कुरकुरतो, पण भिंतीच्या कडेने पाय टाकला तर कमी. त्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांपैकी एक उघडलीत तर वाऱ्याने कंदील विझतो. पाऊसही आत येतो आणि कुणीतरी खिडकी लावायला येतं. इरल्याखाली तोंड दिसत नाही, पण इरलं घेऊन दिवाणखान्यात कोण जातो? मे महिन्यात शाकारणी करणारा गडी छपरावर दिसला तर कुणी विचारत नाही, मृगानंतर तोच माणूस संशयित. मासे घेऊन येणाऱ्या बाईला मागच्या दाराशी अडवत नाहीत, पण मासे ताजे नसतील तर स्वयंपाकी तिला उभंही करत नाही.

आणि भाषा. राजाचे सेवक ब्रह्मी बोलतात, अधिकारी इंग्रजी, गडीमाणसं आपली मराठी. तुमच्या पात्राला जी भाषा येते तेवढंच भिंतीआडून समजतं. बाकीचा नुसता आवाज. कोठीचा हिशेब मोडीत आहे. मोडी वाचता येत असेल तर किती वाजता कोण तेल घालायला कुठल्या दिव्यापाशी जातं ते त्या हिशेबात सापडतं. ज्या अडचणीमुळे आपली मुलं डेयस एक्सच्या दाराशी अडखळली, ती इथे उलटी फिरते. इथे कागद वाचण्याचा मान मराठी मुलाचा.

हे स्वप्नरंजन नाही. 'द डार्क मॉड' नावाचा, थीफवरून स्फूर्ती घेतलेला खेळ फुकट मिळतो, आणि त्याच्याबरोबर स्वतःची मोहीम रचायचं साधनही. आवाज कसा पसरतो, सावली कशी मोजली जाते, हे त्यात आधीच बांधलेलं आहे. थीफसाठी तर चाहते 1999 पासून नव्या मोहिमा रचत आले आहेत, त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. मूळ खेळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, 2023 मध्ये, 'द ब्लॅक परेड' ही मोहिमांची अख्खी मालिका चाहत्यांनी काढली, आणि ती मूळ खेळाच्या तोडीची आहे. ज्यांना मराठी अक्षरं हवी आहेत त्यांच्यासाठी गोडो हे खुलं इंजिन आहे. 2023 च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात, आधीच्या आवृत्त्यांत ती मोडायची. राजवाड्यात आज संग्रहालय आहे, तिथे जाऊन खिडक्या बघता येतात, दालनात उभं राहून टाळी कशी घुमते ते ऐकता येतं. इथल्या तंत्रनिकेतनातल्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय लागतोच. मोडी वाचणारी काही ज्येष्ठ मंडळी अजून आहेत. त्यांना बरोबर घ्या. हे काम एकट्या संगणकवाल्यांचं नाही.

एक विनंती मात्र आहे. पहिल्या महिन्यात राजवाडा करायला घेऊ नका. एक खोली करा. तिला तीन तऱ्हेची जमीन द्या, एक कंदील, एक खिडकी आणि फेऱ्या घालणारा एक पहारेकरी. खिडकी उघडली तर कंदील विझला पाहिजे आणि पहारेकऱ्याने का विझला ते बघायला आलं पाहिजे. एवढं नीट जमलं की दुसरी खोली. ज्यांना यात यायचं आहे त्यांनी सभा संपल्यावर थांबावं. लॅपटॉप मी बरोबर आणला आहे, त्यात ती खोली आहे, कंदील विझतो, पण फरशी अजून वाजत नाही. आज तिथूनच सुरू करू.